स्वीडनची फळी, कॅनडाची फळी

हिर्डोशी, संस्थान भोर
कार्तिक, सन १९३५

चि. फुलास अंबूअक्काचा आशीर्वाद.

तू मुंबईला सुखरूप पोचल्याचं कारभाऱ्यांचं कार्ड आलं. कार्डात तुझ्याबद्दल एक ओळ होती आणि बाकी सगळं लाकडाबद्दल. तुला अजून अनुभव नाही म्हणून सांगून ठेवते, आपल्या नवऱ्याला लाकडाशिवाय दुसरं काही बोलता येत नाही. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली, पण 'बरी आहेस का' असं त्यांनी विचारल्याचं मला आठवत नाही. लाकडी बंदरावर कोणत्या मुलखाची फळी उतरली, तिला गाठी किती, वखारीच्या शेठनं तिची थप्पी कुठं लावायला सांगितली, हे मात्र मला घरबसल्या पाठ झालंय.

तुला वाचता येत नाही, म्हणजे हे पत्र तेच तुला वाचून दाखवणार. झालं ते बरंच. लेकी बोले, सुने लागे. कारभारी, इथं घसा खाकरू नका, पुढं वाचा.

फुले, वेल्ह्याला काकांच्या ओसरीवर तुला मागायला मीच आले होते. आपली रीतच तशी. पहिलीची कूस उजवली नाही, तर दुसरी आणायला पहिलीनंच जायचं. ओटी तिनंच भरायची, हाताला धरून उंबऱ्याच्या आत तिनंच घ्यायची, म्हणजे पुढं कुणी कुणाला बोलायला जागा राहत नाही. परकी कुणी येण्यापेक्षा चुलत्याची लेक बरी, असा विचार मी केला. तुझी ओटी भरताना माझ्या ओंजळीतले तांदूळ खाली सांडले. तू खालून माझा हात धरलास आणि कुणाला दिसू दिलं नाहीस. ते मी विसरलेले नाही.

काकांच्या समोर जे ठरलं ते तूही विसरू नकोस. भातलावणीपासून कापणीपर्यंत तू हिर्डोशीला सासूच्या, आपल्या आत्याबाईंच्या, हाताखाली आणि मी मुंबईला. बाकीचे महिने तू तिकडं आणि मी इकडं. आळीपाळीनं. येत्या जेठात माझी पाळी आहे. मी समुद्र पाहिलेला नाही.

कार्डात लिहिलंय, बंदरावर अजून स्वीडनचाच माल जास्त. कॅनडाचा थोडा थोडा येऊ लागलाय. मुंबईकर त्या सगळ्याच परदेशी मऊ लाकडाला देवदार म्हणतात, पण जाणत्याला फरक दिसतो म्हणे. शेठ म्हणतात, एकाच मुलखावर भिस्त ठेवू नये. हेच वाक्य कारभाऱ्यांनी मला तुझ्या लग्नाच्या आधी सहा महिने लिहिलं होतं. तेव्हा मला वाटलं लाकडाचंच बोलतायत.

नाचणी मळून झाली. आत्याबाईंचा गुडघा दुखतो. थंडीत कान बांधून झोपत जा.

तुझी
अंबूअक्का


हिर्डोशी
ज्येष्ठ, सन १९३७

चि. फुलास आशीर्वाद. लहान चंद्रास गोड पापा.

गेल्या जेठात तुला दिवस राहिले होते म्हणून माझी पाळी चुकली. यंदा पोर अंगावर पिते म्हणून चुकली. ठीक आहे. भाताचा तरवा टाकलाय, एकटीनं.

वेल्ह्याला बारसं झालं ते मला बाहेरून कळलं. मला बोलावणं का नव्हतं ते विचारत नाही. बारशाला कुणाला बोलवायचं नसतं ते मला माहीत आहे. पण तू पोर घेऊन मुंबईला निघालीस, मोटार शिवऱ्यावरून जाणार हे कळल्यावर मी आदल्या दिवशीच इथून निघाले. भोरला माहेरी मुक्काम केला आणि सकाळी शिवऱ्याला जाऊन उभी राहिले. दुपट्याची गोधडी शिवली होती, ती द्यायची होती.

मोटार थांबली. तू खिडकीशी होतीस. मी जवळ आले आणि तू पोरीच्या तोंडावरून पदर ओढून घेतलास.

मी गोधडी खिडकीतून दिली, तू घेतलीस, 'येते अक्का' म्हणालीस. घरी आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "कशी हाय गं नात? कुणावर गेलीया?" मी सांगितलं, "धूळ लई व्हती, फुलानं झाकली व्हती, न्हाई दिसली."  त्यांनाही माहीत आहे वांझेची दृष्ट लागते म्हणतात ते.

असो. कारभारी, हे वाचून झालं असेल तर पुढं तुमच्या आवडीचं आहे. तुम्ही लिहिता, आता बंदरावर निम्मा माल स्वीडनचा आणि निम्मा कॅनडाचा. स्वीडनच्या फळ्या आखूड, गाठीच्या, पण बांधणी नेटकी. कॅनडाची फळी लांबरुंद, एकसारखी, गाठीचं नाव नाही, गिऱ्हाईक तिच्यावर उड्या टाकतं. म्हणजे कानामागून आली आणि तिखट झाली. बिचाऱ्या स्वीडनचं काय चुकलं? इतकी वर्षं तुमच्या शेठला दारं-खिडक्यांचं लाकूड तिनंच पुरवलं ना?

फुले, तुला नाही बोलत. तू मनाला लावून घेऊ नकोस. पोरीला बाळगुटी रोज दे.

अंबूअक्का


हिर्डोशी
वैशाख, सन १९४०

चि. फुलास आशीर्वाद.

तीन वर्षांत मी पत्र लिहिलं नाही आणि तुमचंही फक्त दिवाळीला एकेक कार्ड. कार्डात 'फुला नमस्कार सांगते' असतं. तू खरंच सांगतेस की कारभारी आपल्या मनानं लिहितात, हे मला कळायला मार्ग नाही. तुझा शब्द कसा असतो तेच मी विसरत चालले. लहानपणी तू बोबडं बोलायचीस, मला 'अत्ता' म्हणायचीस, तेवढं आठवतं.

परवा अवचित आलेलं कार्ड मात्र मी चारदा वाचलं. लिहिलंय की स्वीडनचं लाकूड बंद झालं. स्वीडन लढाईत नाही. तिचं कुणाशी भांडण नाही. पण शेजारच्या मुलखात जर्मन घुसला आणि तिची समुद्राची वाट अडवून बसला. आता तिच्या रानात झाडं तशीच उभी, कापलेल्या फळ्या बंदरावर तशाच पडून, पण आपल्याकडं एक फळी यायची नाही. कारभाऱ्यांनी हे असं लिहिलंय जसं घरातलं माणूस अडकून पडावं.

मी ते आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आगं, भांडान न्हाई तर वाट कशापायी बंद?" मी म्हटलं, "आत्याबाई, वाट बंद व्हायला भांडण लागत न्हाई."  मग मला चुलीपुढून उठवेना. मला रडू आलं, फुले. परक्या मुलखातल्या लाकडासाठी कुणी रडतं का? पण आलं खरं.

आता सगळी भिस्त कॅनडावर असेल. तिला सांभाळा.

पाळीचं मी आता विचारणार नाही. समुद्र काय, पाणीच ते. आमच्या नीरेलाही पाणी आहे.

अंबूअक्का


हिर्डोशी
फाल्गुन, सन १९४२

चि. फुलास अनेक आशीर्वाद.

चंद्रा पोचली. रडत नाही. पहिल्या रात्री कुशीत तोंड घालून 'आई कुठं' म्हणाली, मी 'येईल' म्हटलं, मग झोपली. मुंबईवर जपानी बाँब टाकणार म्हणून सगळी आपापली पोरं गावाकडं धाडतायत असं कारभारी म्हणाले. तू तिला धाडलीस. माझ्याकडं धाडलीस. मी उंबऱ्यात उभी राहून तिच्या तोंडाकडं पुरतं पाहून घेतलं आणि मग आत जाऊन तिच्या गालाला काजळाचा टिळा लावला. माझीच नजर आहे, मीच जपायला हवं.

हनुवटी तुझ्यासारखी आहे.

कारभारी तीन रात्री राहिले. सात वर्षांत पहिल्यांदा हिर्डोशीला आले, तेही माझ्यासाठी नाही आणि आत्याबाईंसाठी नाही, सावरीच्या झाडांसाठी. कॅनडाचं लाकूडही आता यायचं थांबलंय, जहाजं सगळी फौजेच्या कामाला जुंपलीत. आणि फौजेला खोकी तर रोज हवीत. तेव्हा शेठला आठवण झाली की आपल्याही रानात मऊ लाकूड आहे. दोन मुलूख बंद झाल्यावर तिसऱ्या नंबराला हिर्डोशी! ओढ्याकाठच्या सगळ्या सावरी कारभाऱ्यांनी ठरवून टाकल्या आणि आठ दिवसांत माणसं येऊन तोडून घेऊन गेली. यंदा शिमग्याला होळीत उभी करायला गावात सावर उरली नव्हती. इथं होळी सावरीचीच लागते, दुसरं लाकूड चालत नाही. गावकऱ्यांनी शेवटी आंब्याची फांदी उभी केली. आत्याबाई म्हणाल्या, "माज्या लेकानं गावाची व्हळी नेली. आता आगीला काय सांगायचं?" त्या दिवसापासून त्यांना चैन नाही.

कारभाऱ्यांनी पोरीला खेळायला दोन फळ्यांचे तुकडे आणले होते, हातभर लांबीचे. ओसरीत बसून मला दाखवले.

"ह्यी स्वीडनची. बग, वर्साच्या कड्या कशा चिकटून हायती. लई थंडी सोसल्याली, दमादमानं वाढल्याली."

मी म्हटलं, "आन् ह्या गाठी?"

"गाठ म्हंजी तितं फांदी व्हती. फांदी आत मेली की गाठ ऱ्हाती."

"आन् ही?"

"कॅनडाची. ते झाड आधी लई उंच जातं सरळ, मग फांद्या फुटत्यात. म्हून फळीत गाठ न्हाई."

मग मी विचारलं, "तुमाला कंची आवडती?"

त्यांनी दोन्ही तुकडे मांडीवर ठेवले, एकावर एक.  मग म्हणाले, "माप घेणाऱ्यानं आवड धरू न्हाई, अंबू." नऊ आणि सात, सोळा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा नावानं हाक मारली. फुले, कारभारी पत्र वाचताना ही ओळ गाळतील. गाळली असेल तर त्यांच्या तोंडाकडं पाहा म्हणजे तुला कळेल.

पोरीच्या अंगावर लोकरी झबलं घालते. काळजी करू नकोस.

अंबूअक्का


हिर्डोशी
मार्गशीर्ष, सन १९४३

चि. फुलास आशीर्वाद.

संक्रांतीला चंद्राला पाठव असं कार्ड आलं. पोरीला खोकला आहे. मोठा नाही, पण घाटातली थंडी, मग मोटारीतला वारा, मग मुंबईची दमट हवा. आगीतून फुफाट्यात कशाला? आत्याबाईंचंही नातीवाचून पान हलत नाही. आणि मुंबईत अजून रात्री दिवे झाकतात ना? पाडव्याला बघू.

ती शिकते आहे. कारभाऱ्यांनी आणलेली कॅनडाची फळी मी काजळीनं आणि बिब्ब्यानं काळी केली आणि तिची धूळपाटी केली. वर बारीक माती पसरायची आणि बोटानं अक्षर काढायचं. गाठ नसल्यामुळं माती सारखी पसरते. तुझ्या वाट्याची फळी लिहायला सरस निघाली, मान्य करते. स्वीडनची भाताच्या माठावर झाकण म्हणून ठेवलीय. तीही कामाला लागलीय.

चंद्राची बाराखडी संपली. काल तिनं 'फुला' असं लिहिलं. मी विचारलं, "ह्ये कुणाचं नाव?" म्हणाली, "धाकट्या आईचं." मला ती थोरली आई म्हणते. मी शिकवलं नाही. आपणहून म्हणते.

पाडव्याला नक्की बघू.

अंबूअक्का


हिर्डोशी
वैशाख, सन १९४४

सौ. फुलाबाईंस

सौ. लिहिलं. हात थांबला, पण खोडत नाही.

हे पत्र तुला कोण वाचून दाखवील ते ठाऊक नाही, म्हणून थोडंच लिहिते. बंदरात जहाज फुटलं आणि वखारी जळाल्या ते गेनूभाऊजींनी येऊन सांगितलं. ते मुंबईला गिरणीत आहेत, त्यांनी सगळीकडं शोध केला. कारभाऱ्यांच्या अंगावरची एकही वस्तू मिळाली नाही असं म्हणाले. तू त्यांना शोधायला निखाऱ्यांतून गेलीस आणि तुझे पाय भाजले, इस्पितळात आहेस, हेही कळलं.

इथं करायचं ते सगळं केलं. पोर खुशाल आहे.

अंबूबाई


हिर्डोशी
आषाढ, सन १९४४

फुलास,

तुझ्या शेजारच्या मास्तरीणबाईंच्या हातचं कार्ड मिळालं. हे पत्रही त्याच वाचणार. बाई, तुमची माफी मागते. घरातलं बोलणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

तू लिहवलंस, पाडव्याला पोर पाठवली असती तर तिनं बापाचं तोंड पाहिलं असतं. खरं आहे. पण पाठवली असती तर ती वखारीत त्यांची भाकरी घेऊन गेली असती, हेही खरं आहे. तू जाऊ दिली असतीस. कारभारी तिला थप्पीवर बसवून फळ्या दाखवत बसले असते. तू मला चोर म्हणालीस. म्हण. ज्या चोरीनं पोर जिवंत राहिली ती चोरी मी पुन्हा करीन.

इथलं तुला सांगितलं नव्हतं. देह मिळाला नाही म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा केला. आत्याबाईंनी पुतळ्याला लेकाचं मुंडासं बांधलं. म्हणाल्या, "मी म्हनलं व्हतं, आगीला काय सांगायचं." मी भाताच्या माठावरची स्वीडनची फळी आणली आणि सरणात ठेवली. फटाफट पेटली, त्या लाकडात तेल असतं. माझं तेवढंच त्यांच्याबरोबर गेलं. तुझी ठेवली, कारण तिच्यावर पोर लिहिते.

तुला पोर परत हवी आहे. आत्याबाई म्हणतात, "लेकाची येवढीच खून हाय. न्हाई द्यायची." मी त्यांच्यापुढं कशी जाऊ? तूच इकडं ये. घर तुझंही आहे. मीच हाताला धरून आत घेतलं होतं.

तू यायची नाहीस, मला माहीत आहे. पण पोर नाही पाठवत.

अंबू


हिर्डोशी
माघ, सन १९४६

फुले,

हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. चंद्राच्या परकराच्या ओच्यात बांधून दिलंय, आणि चंद्राच तुला वाचून दाखवते आहे. गेनूभाऊजी तिला तुझ्या खोलीच्या दारापर्यंत सोडतील. चंद्रे, तुला अडलं तर थांब, घाई करू नकोस. जोडाक्षर आलं की आधी मनात म्हण.

फुले, तुझ्या मास्तरीणबाईंचं दीड वर्षानं कार्ड आलं. त्यांनी लिहिलंय की तू शेठच्या नव्या वखारीत भुसा झाडायच्या कामावर आहेस, भुशाची पोती शेगडीवाल्यांना विकतेस, अजून लंगडतेस. पोरीचं नावही काढत नाहीस असंही लिहिलंय. आणि शेवटी बाईंनी आपल्या मनानं एक ओळ घातली होती. 'सहा वर्षांनी बंदरावर स्वीडनचं लाकूड आलं, ते पाहून फुलाबाई दिवसभर बोलल्या नाहीत.'

ती ओळ वाचून मी चुलीपाशी बसून राहिले.

त्याच आठवड्यात चंद्रानं मला विचारलं होतं, "थोरली आई, धाकटी आई उंच व्हती का बुटकी?" मी भाकरी थापत होते. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला बरं वाटलं. पोर तुला विसरली, आता ती माझीच. भाकरी तव्यावर टाकली आणि ती करपून काळी झाली तरी मी उलटली नाही. पोरगी ओरडली, "आई, जळतंया!" थोरली नाही म्हणाली. नुसतं आई.

फुले, इतकी वर्षं कारभाऱ्यांच्या कार्डांवरून मी दोन मुलखांची तुलना करत बसले. स्वीडन म्हणजे मी, गाठीची, हळू वाढलेली, मागं पडलेली. कॅनडा म्हणजे तू. तिचा माल वाढला की मला इथं टोचायचं. तिचाही बंद झाला तेव्हा, देवाशपथ सांगते, थोडा आनंद झाला होता. पण बाईंचं कार्ड हातात आलं तेव्हा समजलं की माझं माप चुकलं. भांडण नाही, तंटा नाही, तरी जिची वाट अडवली ती आता तू आहेस. आणि वाट अडवून मध्ये बसलेली शेजारीण मी.

लढाई संपली, तिथली वाट उघडली. आपली मी उघडते.

आत्याबाईंना मी सांगितलं. त्या आता अंथरुणावरून उठत नाहीत. मला वाटलं शिव्या देतील. भिंतीकडं तोंड करून निजल्या होत्या. म्हणाल्या, "तुला पोर झालं न्हाई म्हून तुझ्या उरावर सवत आनली म्या. आता पोर झालं तर तूच देऊन टाकतीस व्हय गं?" मी म्हटलं, "व्हय." मग त्यांनी हात मागं करून माझा हात धरला. बराच वेळ धरला होता.

चंद्रे, इथं थांब. आईला पाणी दे. मग पुढं वाच.

आता पोरीचं ऐक. तिला नाचणीची भाकरी आवडते, तांदळाची नाही. पावसात तिचे कान दुखतात, लसणाचं कोमट तेल घाल. रागावली की बोलत नाही, कोपऱ्यात जाऊन लिहीत बसते. तेव्हा तिला हाक मारू नकोस, आपण होऊन येते. रात्री झोपेत ती हात पसरून कुणाला तरी चाचपते. तू जवळ निज, म्हणजे तिला हात लागेल.

तुझी फळी तिच्याबरोबर पाठवली आहे. कडेनं जरा झिजली आहे, पण अजून चांगली दहा वर्षं टिकेल. स्वीडनच्या लाकडाचा एखादा तुकडा तुला झाडताना सापडला, तर तो गेनूभाऊजींबरोबर मला पाठव. माठाला झाकण तेव्हापासून नाही.

निघताना मी तिच्या गालाला टिळा लावलाय. वाटेत घामानं पुसला असेल. पुसला नसेल तर तू पूस, आता त्याची गरज नाही.

एक गोष्ट विचारायची आहे. नऊ वर्षं विचारली नाही, कारण मध्ये कारभारी वाचणारे होते, मग मास्तरीणबाई होत्या. शिवऱ्याला मोटार थांबली तेव्हा तू पोरीच्या तोंडावर पदर ओढलास. त्या दिवशी धूळ होती का गं? मला तर धूळ आठवत नाही. पण मी तेव्हा फक्त तुझा हात पाहत होते, त्यामुळं माझं चुकलंही असेल. तू जे सांगशील ते मी खरं मानीन.

आजवर तुझं बोलणं मला कधी त्यांच्या अक्षरात आलं, कधी परक्या बाईच्या. आता आपल्या दोघींची मिळून एक लिहिणारी तयार झाली आहे.

चंद्रे, पत्र संपलं. बाळ माझे, आता धूळपाटी बाजूला ठेव आणि कागद घे. तुझ्या आईकडं बघ. ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत लिही, आपल्या मनाचं एक अक्षर घालू नकोस. आणि ती काही बोलली नाही, तर तेही लिही.

तुझी
थोरली आई